बिननावाची सुट्टी

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे माझं पद ‘ब्रिज इंजिनिअर’ असं आहे. टोकियोच्या ग्राहकाचं म्हणणं पुण्याच्या टीमला समजावायचं आणि पुण्याच्या अडचणी टोकियोला अशा बेताने कळवायच्या की कुणाचा मान जाणार नाही, एवढंच ते काम. जपानी भाषेची एन-टू परीक्षा पास झालं की पुण्यात ही नोकरी मिळू शकते. त्यातला निम्मा वेळ तारखांच्या घासाघिशीत जातो, हे मात्र क्लासमध्ये कुणी सांगत नाही.

यंदा जानेवारीत नव्या प्रकल्पाचा करार वेळापत्रकासाठी माझ्याकडे आला. त्यातलं एक कलम असं होतं: काम सुपूर्द केल्यावर दहा एइग्योबींच्या आत ग्राहकाने तपासणी संपवून स्वीकृती द्यायची, आणि तेवढ्यात काहीच कळवलं नाही तर काम स्वीकारलं असं धरायचं. एइग्योबी म्हणजे कामकाजाचा दिवस. ज्या महिन्यात स्वीकृती होईल त्या महिन्याअखेर बिल निघणार आणि पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला येणार. तो दिवस बँकेच्या सुट्टीचा निघाला तर आदल्या कामाच्या दिवशी. जपानी कंपन्यांशी काम करणाऱ्यांना यात नवीन काहीच नाही.

जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्षही बहुतेक वेळा आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं. त्यामुळे ३० सप्टेंबरला दोन्हीकडे सहामाही संपते आणि दोन्हीकडच्या वरिष्ठांना आकडे त्याच दिवसाच्या आत बसवायचे असतात. विक्री विभागाने मागून मोजत येऊन काम सुपूर्द करायची तारीख टाकली होती सोमवार, १४ सप्टेंबर २०२६.

टीममधल्या लोकांनी तारीख ऐकली आणि फोनवर दिनदर्शिका उघडली. त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे.

“अगं, एक दिवस मागे घे ना, त्यात काय एवढं,” आमचा डिलिव्हरी मॅनेजर म्हणाला. म्हणजे शुक्रवार, ११ तारीख. पण ज्या शीटवरून १४ तारीख काढली होती ती मला आधी तपासायची होती. टोकियोची तारीख कुणी एका फटक्यात सांगितली की माझा त्यावर विश्वास बसत नाही.

शीटमध्ये जपानच्या सोळा राष्ट्रीय सुट्ट्या होत्या. सोळा हा आकडा बरोबरच आहे. तिथे सुट्ट्यांचा वेगळा कायदा आहे, १९४८ चा, आणि त्यात आज सोळा शुकुजित्सु नावानिशी नोंदलेले आहेत: १ जानेवारीचं नववर्ष, ११ फेब्रुवारीचा राष्ट्रस्थापना दिन, २३ फेब्रुवारीचा सम्राटांचा वाढदिवस, ११ ऑगस्टचा पर्वत दिन वगैरे. आपल्याकडे देशभर लागू अशा राष्ट्रीय सुट्ट्या तीनच, बाकी सगळं राज्य, बँक आणि कंपनी यांच्या मर्जीवर. त्या मानाने टोकियोचा हिशोब सोपा वाटतो. सोळा तारखा लिहा, शनिवार-रविवार वगळा, झालं.

पण त्या सोळांतल्या सगळ्या तारखा काही ठरलेल्या नाहीत. चार सुट्ट्या अमक्या महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सोमवारी येतात, म्हणजे जोडून तीन दिवस मिळावेत. दोन सुट्ट्या तर आकाशातून ठरतात. वसंतसंपात आणि शरदसंपात यांची तारीख कायद्यात दिलेलीच नाही. राष्ट्रीय खगोल वेधशाळा गणित करते आणि पुढच्या वर्षाच्या तारखा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी राजपत्रात छापून येतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पंचांग बघून सुट्टी देणारा आणखी एक देश, तोही बुलेट ट्रेनवाला.

या सोळांच्या पलीकडे कायद्यात आणखी दोन नियम आहेत. एक बहुतेकांना माहीत असतो: सुट्टी रविवारी आली तर तिच्यानंतरचा जो पहिला बिनसुट्टीचा दिवस असेल तो सुट्टीचा. याला फुरिकाए म्हणतात आणि तो १९७३ पासून आहे. (आपलं कालनिर्णयही त्याच वर्षीचं. योगायोग आहे, पण मला आवडतो.) शनिवारी आलेली सुट्टी मात्र वाया जाते, तिची भरपाई नाही. आपल्याकडे रविवारचीही नाही. यंदाचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. हे ग्राहकाच्या टोकियोतल्या व्यवस्थापक बाईंना सांगितलं तर त्यांना खरंच वाईट वाटलं.

दुसरा नियम फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्याची गाठ क्वचित पडते. दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या बरोबर मध्ये एकच दिवस अडकला असेल तर तोही सुट्टीचा होतो. हा १९८५ च्या दुरुस्तीतला. पूर्वी ४ मे ला याच नियमाने सुट्टी मिळायची, २००७ पासून त्या दिवसाला स्वतःचं नाव मिळालं. २०१९ मध्ये नवे सम्राट १ मे ला गादीवर बसले आणि तो दिवस एका वर्षापुरता सुट्टीचा झाला. त्याच्या दोन्ही बाजूंचे ३० एप्रिल आणि २ मे आपोआप सुट्टीत गेले आणि २७ एप्रिल ते ६ मे असे सलग दहा दिवस अख्खा देश बंद राहिला. ते वर्ष जपानी प्रकल्पांवर काम करणाऱ्या कुणाच्याही लक्षात असेल.

आता यंदाचा सप्टेंबर बघा. तिसरा सोमवार २१ तारखेला येतो, तो ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस. शरदसंपात बुधवारी, २३ ला. मधला मंगळवार २२ सप्टेंबर, कुठल्याही यादीत नाव नसलेला, तरी सुट्टीचा.

असा सप्टेंबर याआधी २००९ आणि २०१५ मध्ये आला होता. आमची शीट २०१५ नंतर कधीतरी बनली. २०१९ ची सुट्टी तिच्यात हाताने भरलेली होती. म्हणजे ज्याने ती बनवली त्याच्यासमोर हा प्रसंग कधी आलाच नाही, आणि इतकी वर्षं ती बिनचूक चालली म्हणून कुणाला शंका आली नाही.

मंत्रिमंडळ कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९५५ पासूनच्या सगळ्या सुट्ट्यांची एक सीएसव्ही फाइल मिळते. मी ती उतरवून घेतली. एक्सेलमध्ये उघडली तर पहिल्या झटक्यात सगळा कचरा दिसतो, कारण ती शिफ्ट-जिस या जुन्या जपानी संकेतप्रणालीत आहे. आयात करताना प्रणाली निवडून दिली की अक्षरं जागेवर येतात. मग २०२६ पर्यंत खाली गेले. प्रत्येक तारखेसमोर सुट्टीचं नाव होतं. ६ मे आणि २२ सप्टेंबर या दोनच ओळींसमोर नुसतं ‘क्यूजित्सु’. म्हणजे फक्त ‘सुट्टी’. कशाची, का, काही नाही.

त्या एका ओळीची किंमत काढायला मी कागद घेतला. जुन्या यादीप्रमाणे १४ सप्टेंबरला काम दिलं तर पहिला दिवस मोजायचा नाही (जपानच्या नागरी संहितेत तसं स्पष्ट आहे, आपल्याकडेही मुदत मोजताना साधारण तीच रीत), मग १५ ला एक, १६ ला दोन, १७, १८, मग मधला २२, पुढे २४, २५, २८, २९ आणि दहावा दिवस ३० सप्टेंबर. चपखल. विक्री विभागाचं गणित इथून आलं होतं. पण २२ तारीख सुट्टीची धरली की दहावा दिवस १ ऑक्टोबरला जातो. स्वीकृती ऑक्टोबरची, बिल ऑक्टोबरअखेर, पैसे ३० नोव्हेंबरला. तेच सप्टेंबरात बसलं असतं तर ऑक्टोबरअखेर. ३१ ऑक्टोबरला शनिवार आहे म्हणून खरं तर ३० ला. एका मंगळवारापायी पैसे महिनाभर लांबतात आणि सहामाहीच्या आकड्यातून अख्खा प्रकल्प गळतो.

उलट ११ तारखेला, शुक्रवारी दिलं तर १४ पासून मोजणी सुरू होते आणि दहावा दिवस नेमका ३० सप्टेंबर. म्हणजे मॅनेजरचं ‘एक दिवस मागे घे’ बरोबरच निघालं. पण ते गणपतीच्या कारणाने होतं, या कारणाने नाही, आणि पुढच्या वेळी गणपती मदतीला येणार नाहीत. म्हणून मी शीट नव्याने बांधायला घेतली.

एक्सेलमधलं एक सांगते, कारण यावरून आमच्याकडे दर प्रकल्पाला वाद होतो. ‘वर्कडे’ हे सूत्र सुरुवातीचा दिवस सोडून पुढे मोजतं, ‘नेटवर्कडेज’ सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही धरून. दोन माणसं दोन सूत्रं वापरतात आणि मग एका दिवसावरून तासभर मीटिंग चालते. मुदत काढायला पहिलं वापरा, दोन तारखांमधलं काम मोजायला दुसरं. सूत्रात सुट्ट्यांची यादी जोडायची जागा दोन्हीकडे आहे. ती रिकामी ठेवली तरी सूत्र तक्रार करत नाही, नुसतं चुकीचं उत्तर देतं.

यादी हाताने लिहायची नाही आणि नियम सूत्रात कोंबायचा नाही, हा माझा आग्रह. आमच्यातल्या एका हुशार मुलाने तिसरा सोमवार, संपाताचं गणित, मधला दिवस, सगळं घालून एक मॅक्रो लिहायची तयारी दाखवली. मी त्याला २०२१ ची गोष्ट सांगितली. ऑलिंपिक वर्षभर लांबलं, त्यामुळे सागर दिन, क्रीडा दिन आणि पर्वत दिन यांच्या तारखा पुन्हा हलवल्या गेल्या. सागर दिन २२ जुलैला आणि क्रीडा दिन ऑक्टोबरातून उचलून थेट २३ जुलैला. हा कायदा मंजूर झाला २०२० च्या नोव्हेंबरच्या अखेरीस. तोवर नव्या वर्षाच्या दिनदर्शिका छापून झालेल्या. आमच्या ऑफिसात आलेल्या जपानी टेबल कॅलेंडरवर १९ जुलै लाल होता आणि त्या दिवशी टोकियो कामावर होतं. ही संसदेची करामत मॅक्रोला कशी कळणार? सरकारची फाइल दरवर्षी फेब्रुवारीत, राजपत्रानंतर, पुन्हा उतरवायची. एवढंच काम, पण ते कॅलेंडरवर टाकून ठेवायचं.

तरीही सरकारी फाइल म्हणजे एइग्योबी नव्हे. वर्षअखेरीची रजा त्या फाइलमध्ये नसते. सरकारी कार्यालयं २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद, बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी. २०२६ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे एकूण २६१ दिवस आहेत. त्यातून राष्ट्रीय सुट्ट्यांचे १७ गेले की २४४ उरतात. वर्षअखेर धरली तर सरकारी कार्यालयांचे २४०, बँकांचे २४२. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर. ऑगस्टच्या मध्यातला ओबोन तर राष्ट्रीय सुट्टीच नाही, तरी त्या दिवसांत निम्मी माणसं गावी गेलेली असतात. अगदी आपल्या कोकणासारखं. आणि आइची प्रांतात टोयोटा आणि तिचे पुरवठादार स्वतःचं कॅलेंडर पाळतात, त्यात बऱ्याच राष्ट्रीय सुट्ट्यांना कारखाना चालू असतो आणि त्याच्या बदल्यात मे, ऑगस्ट आणि वर्षअखेरीला लांब रजा मिळते. त्यामुळे ग्राहकाकडून त्याचं वार्षिक कंपनी कॅलेंडर मागून घेतल्याशिवाय मी तारीख देत नाही. आमच्या ग्राहकाने दोन ओळींचा मेल पाठवला: राष्ट्रीय सुट्ट्या, शिवाय २९ डिसेंबर ते ३ जानेवारी. सुदैवाने साधं प्रकरण.

पुण्याची बाजू साधी नव्हती. कंपनीची यादी ठरलेली, पण त्यात ऐच्छिक सुट्ट्या आहेत, आणि कोण कुठली घेणार हे आदल्या आठवड्यापर्यंत कळत नाही. ईदसारखी सुट्टी चंद्रावर. शिवाय राज्य सरकारही तारीख हलवतं. २०२४ मध्ये मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ वर नेली, कारण १७ ला अनंत चतुर्दशी होती. हे टोकियोला समजावताना मला जरा संकोच वाटला होता. मग २०२१ चं त्यांचं टेबल कॅलेंडर आठवलं आणि संकोच गेला.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर मी तिसरा रकाना केला: दोन्हीकडे माणसं जागेवर असलेले दिवस. शंका-समाधान आणि बैठका फक्त याच दिवशी होऊ शकतात. आमच्या शीटमध्ये हा रकाना कधीच नव्हता आणि तो भरल्यावर सगळ्यांचे चेहरे लांब झाले. एप्रिल-मेच्या सांध्यावर बघा. २९ एप्रिल, बुधवार, टोकियो बंद. १ मे, शुक्रवार, महाराष्ट्र दिन, पुणे बंद, टोकियोत काम. ३ मे चा संविधान दिन रविवारी आला, म्हणून ४ आणि ५ च्या सुट्ट्यांनंतर ६ तारखेलाही सुट्टी. २७ एप्रिल ते ८ मे या दोन आठवड्यांत कामाचे म्हणून दहा दिवस दिसतात. दोघांचे सामाईक निघाले पाच. प्रकल्पाची मागणीपत्रकं नक्की करायचा काळ नेमका तोच होता. तो टप्पा आम्ही एक आठवडा पुढे ढकलला, त्यावर कुणीही वाद घातला नाही. रकानाच बोलत होता.

सप्टेंबरवर मात्र वाद झाला. ११ तारीख शुक्रवार आहे आणि सोमवारी गणपती. कोकणातली मंडळी गुरुवारी रात्रीच निघणार, रेल्वेची आणि एसटीची आरक्षणं हातात असणार. सुपूर्द करायची वेळ टोकियोच्या संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड. गणपतीच्या आदल्या शुक्रवारी दुपारी दीडला पुण्यात काही अडलं तर सोडवायला कोण सापडेल? मी १० सप्टेंबर, गुरुवार म्हटलं. त्याने दहावा एइग्योबी २९ ला येतो आणि एक दिवस हातात राहतो.

डिलिव्हरी मॅनेजर म्हणाला, दोन दिवस मागे आलो तर चाचणीचा वेळ गेला ना? त्याचंही खरं होतं. मग त्याने उलटा प्रश्न टाकला: सप्टेंबर सोडूनच दिला तर? म्हणून मी तेही मांडून दाखवलं, आणि या सगळ्या हिशोबातला मला सर्वांत गमतीचा भाग तोच वाटला. १८ सप्टेंबरला, शुक्रवारी दिलं तर दहावा दिवस ७ ऑक्टोबर. २४ ला, गुरुवारी दिलं तर ८ ऑक्टोबर. दिनदर्शिकेवर सहा दिवस पुढे जायचं आणि स्वीकृती फक्त एका दिवसाने लांबते, कारण मधले सगळे दिवस टोकियो बंद आहे. बिलही त्याच महिन्यात, पैसेही त्याच दिवशी. पुण्याला मात्र २१, २२, २३ असे तीन पूर्ण दिवस मिळतात, एकही मेल नाही, एकही फोन नाही. म्हणजे सप्टेंबर गाठायचा नसेल तर १८ तारीख पकडण्यात शहाणपण नाही, आणि गाठायचा असेल तर १० किंवा ११ शिवाय मार्ग नाही. मधल्या तारखांना अर्थच उरत नाही. वरून निर्णय आला: सप्टेंबर हवाच. १० तारीख ठरली आणि चाचणीसाठी ऑगस्टमध्ये एक माणूस वाढवून मिळाला.

टोकियोच्या व्यवस्थापक बाईंशी शेवटची बैठक झाली. त्यांनी २२ सप्टेंबरवर बोट ठेवून विचारलं, हा तुम्ही धरला आहे का, आमच्याकडेही काही जण विसरतात. मग माझ्या पुण्याच्या रकान्याकडे वळल्या. २५ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी, तिथे मी ‘०.५’ लिहिलं होतं. कारण आमच्या यादीत ती सुट्टी नाही, पण विसर्जनाच्या दिवशी पुण्यातले रस्ते बंद असतात आणि पेठांत राहणारा माणूस हिंजवडीला पोचत नाही. बहुतेक जण घरून काम करतात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अर्धा एइग्योबी आमच्या प्रणालीत भरता येत नाही. दिवस आहे की नाही, एवढं सांगा. मी ‘नाही’ लिहिलं. पडद्याआडून आमच्या मॅनेजरने सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला.

करारात शेवटी दोन वाक्यं वाढली. तपासणीचे दहा दिवस ग्राहकाच्या कॅलेंडरने मोजायचे, शंकांना उत्तर द्यायची मुदत सामाईक दिवसांनी. आणि दोन्ही कॅलेंडरं जोडपत्र म्हणून, छापलेल्या तारखांसकट.

एक प्रश्न उरला होता. टोकियोची तपासणी ११ पासून सुरू होणार, आणि १४ ला पुणे बंद. त्या दिवशी काही अडलं तर उत्तर कोण देणार? टीममध्ये घरी गणपती नसलेला माणूस शोधायला लागले. हैदराबादच्या मुलीकडे विनायक चविती, कर्नाटकच्या मुलाकडे गौरी-गणेश. शेवटी केरळचा एक जण तयार झाला. त्याचा ओणम २६ ऑगस्टलाच होऊन गेलेला असेल. बदली सुट्टी कधी हवी, असं विचारलं तर त्याने माझ्या शीटवर नजर टाकली आणि २२ सप्टेंबर मागितली. ती मी तिथल्या तिथे मंजूर केली.